गजाला खोबरेल

गज तारांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, आणि वाजलं काहीच नाही.

संजीवनीने पुन्हा ओढला. पुन्हा तेच. सूर नाही, खरखर नाही, नुसता सुस्कारा. सकाळचे सव्वाआठ झाले होते. ओटीवर चटई टाकून, उजवा पाय पुढे काढून, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवून ती रियाजाला बसली होती. गेली चव्वेचाळीस वर्षं ती अशीच बसत आलेली. या चव्वेचाळीस वर्षांत व्हायोलिन कधी रुसलं नव्हतं असं नाही, पण असा अबोला त्याने कधी धरला नव्हता. वाजवणारी माणसं गजाच्या केसांना चुकूनसुद्धा बोट लावत नाहीत. तिने लावलं, आणि बोट नाकाशी नेलं.

खोबरेल!

"आये!"

आवाज असा काही निघाला की अंगणातल्या कोंबड्या फडफडत कुंपणावर चढल्या. गोठ्यातून आवडाबाई बाहेर आली. पंचाहत्तरीची, शेवग्याच्या शेंगेसारखी काटक, हातात दुधाची कासंडी.

"काय झालं गो वरडायला?"

"माझ्या व्हायोलिनच्या पेटीला कुणी हात लावला?"

"मी लावला. का?"

"गजाला काय लावलंस?"

"त्याल." आवडाबाईच्या चेहऱ्यावर केलेल्या कामाचं समाधान होतं. "काय ते केस गो तुज्या काठीचे! चरचरीत कोरडे. नि कोंडा केवढा! फुकलं तर पीठच उडलं. म्हनलं, पोरगी एवढ्या लोकांपुढं बसनार नि ह्या अवतारात? खोबरेल गरम केलं नि चांगलं मुरवलं. दोनी काठ्यांना."

"दोन्ही?"

"मंग? एकीला लावायचं नि एकीला नाय, आसं कसं?"

संजीवनी दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसली. ज्याला आई कोंडा म्हणत होती, ती राळ होती. घोड्याच्या शेपटीचे ते केस राळ घासल्याशिवाय तारेला धरत नाहीत, आणि धरले नाहीत तर तार बोलत नाही. तेल म्हणजे राळेची सवत. आता हा गज शेवाळावरून पाय घसरावा तसा तारेवरून नुसता घसरणार. आणि कार्यक्रम संध्याकाळी पाचला.

"धुवून टाक मंग," आवडाबाई म्हणाली. "त्याल काय जल्माचं असतं?" आणि ती दूध ठेवायला आत गेली.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, जिथे डांबरी रस्ता दमून कच्चा होतो, तिथे ही वाडी. तीस उंबरे, त्यातल्या वीस घरांना मुंबईची वाट ठाऊक. दर मे महिन्यात वाडीचं मुंबई मंडळ गावदेवीच्या देवळात सत्यनारायण घालतं आणि वाडीचं नाव काढणाऱ्या कुणाचा तरी सत्कार करतं. पहिल्या पदवीधराचा झाला, पहिल्या फौजदाराचा झाला, एका वर्षी कुणीच सापडेना तर सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या म्हशीच्या मालकाचा झाला. यंदा संजीवनी दत्ताराम सकपाळ. मंडळाचा सेक्रेटरी भरत याने देवळासमोर फलक लावला होता. 'वाडीची सुकन्या, व्हायोलिन क्वीन.' शेजारी तिचा फोटो आणि फोटोशेजारी गिटार. "ताई, बॅनरवाल्याच्या कंप्युटरमधे व्हायोलिन नव्हतं," भरतने खुलासा केला होता. "पन फॅमिली तर सेम हाय ना?"

सत्काराचं तिला अप्रूप नव्हतं. कपाटात शाली सतरा पडल्या होत्या. ती आली होती एकाच गोष्टीसाठी. आईने तिला आजवर एकदाही ऐकलेलं नव्हतं. मुंबईत बोलवावं तर गाय व्यायला झालेली असे, नाहीतर लावणी आलेली, नाहीतर रानात बिबट्या फिरतोय, गुरं कुणावर टाकू? रेडिओवर संजीवनी लागायची तेव्हा बाबा अख्ख्या वाडीला सांगत सुटायचे, आणि आवडाबाई नेमकी त्याच वेळी हंडा घेऊन पाण्याला जायची. आता कार्यक्रमच दारात आणला होता. आता कुठे जाशील आये, असं म्हणत संजीवनी मनातल्या मनात हसली होती. आणि आईने गजाची बोलतीच बंद केली!

तशी या व्हायोलिनची गोष्ट सुरू झाली तीही मे महिन्यातच. दत्ताराम तेव्हा गिरगावात वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात गज बांधायचा. आठ वर्षांची संजीवनी सुट्टीला म्हणून बापाकडे गेली, आणि दुकानातल्या मोडक्या व्हायोलिनवर दिवसभर किरकिर करत बसली. दामले मास्तर म्हणून एक वृद्ध गिऱ्हाईक होतं. त्यांनी तिची बोटं हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "दत्ताराम, ही पोर परत पाठवू नकोस." झालं. मुंबईत वाडीच्या बारा बाप्यांच्या खोलीत तेरावी संजीवनी राहू लागली. रात्रपाळी करून आलेली माणसं दिवसा झोपायची, म्हणून ती व्हायोलिनच्या तारांखालच्या घोडीवर कपड्याचा चिमटा लावून हळू आवाजात रियाज करायची. झोपेतसुद्धा एखादा काका कूस बदलत म्हणायचा, "संजे, बेसूर झालं गो."

पुढे वीस वर्षं ती गाणाऱ्यांच्या साथीला बसली. साथ करणारा म्हणजे लग्नातली करवली. सगळीकडे हजर, फोटोत अर्धी. जाहिरातीत सगळ्यात खाली, बारीक अक्षरात नाव. एकटीची पहिली मैफल मिळाली ती एकोणचाळिसाव्या वर्षी, तीसुद्धा ठरलेल्या बुवांचा घसा बसला म्हणून. पण त्या दिवशी लोक उठले नाहीत, आणि मग बोलावणी येत राहिली. एकदा जर्मनीलाही जाऊन आली. फार मोठं नाव नाही झालं. पण ज्यांना कान आहे ते दूरचा प्रवास करून तिला ऐकायला येतात, आणि संजीवनीला तेवढं पुरतं.

दत्ताराम अंघोळ करून आला तेव्हा लेक डोक्याला हात लावून बसलेली. ब्याऐंशीच्या म्हाताऱ्याने गज उचलला, वास घेतला, आणि असा हसत सुटला की कवळी सावरायला हात तोंडाशी न्यावा लागला.

"आवडे! अडतीस वर्षं गज बांधले गो मी. चंपी केलेला गज आज पैल्यांदा बघतोय!"

"बाबा, हसताय काय? काय करायचं ते सांगा."

"करायचं काय. केस उतरवायचे, धुवायचे, परत बांधायचे. एकच व्हईल, दुसऱ्याला येळ नाय." त्याने माळ्यावरून पत्र्याचा डबा काढायला लावला. वीस वर्षं उघडला नव्हता. आत दाभण, चिमटा, मेणाचा खडा. दाभणाच्या टोकाने त्याने गजाच्या मुठीतली एवढीशी लाकडी पाचर उचकटली, मग टोकाची, आणि पांढऱ्या केसांची लड सुटून त्याच्या मांडीवर पडली. "आवडे, रिठे हायत?"

"रिठे हायत, शिकेकाय बी हाय."

"शिकेकाय नको. नुसते रिठे."

"माज्या केसांना सत्तर वर्षं मी दोनी लावते."

"तुज्या केसांवर कोन मुलतानी राग वाजवनार नाय," दत्ताराम म्हणाला. आवडाबाईने नाक मुरडलं, पण रिठे भिजत घातले.

तीन वेळा धुतले तेव्हा कुठे दत्तारामने केस बोटांत चोळून मान हलवली. लड वलणीवर वाळत टाकली, बापाच्या बंडीच्या आणि आईच्या लुगड्याच्या मधे. तेवढ्यात भरत घाम पुसत आला.

"ताई, साउंडवाला आलाय. चेक करून घेता काय?" मग त्याचं लक्ष वलणीकडे गेलं. "हे काय हो?"

"माझा कार्यक्रम वाळत घातलाय," संजीवनी म्हणाली.

सगळं ऐकून भरतने कपाळाला हात लावला. पण मुंबईत वीस वर्षं काढलेला माणूस, तो असा हार मानणार थोडाच! "टेन्शन नाय लेने का, ताई. यूट्यूबला हाय ना तुमचं? मी ब्लूटूथवर लावतो. तुम्ही फक्त काठी फिरवा. कोनाला समजतंय?"

"मला समजेल ना, भरत."

"ते पन हाय," भरत म्हणाला, आणि जाता जाता दारातून, "दोन फिल्मी पन होऊ द्या हां!" असं सांगून गेला.

दुपारी बाराच्या सुमारास केस वाळले. आता ते पट्टीसारखे सपाट विंचरून टोकाला गाठ मारायची होती. दत्तारामने दोरा हातात घेतला आणि थोड्या वेळाने खाली ठेवला.

"माजा हात आता गाठ धरीत नाय," तो म्हणाला.

"द्या, मी बांधते."

"तू नको. दोरा करकचून वढावा लागतो, बोटं कापतात. संध्याकाळी त्याच बोटांनी वाजवायचंय तुला." त्याने बायकोकडे पाहिलं. "आवडे, बस हितं. जल्मभर गुरं बांधलीस."

आवडाबाईने हात पुसले, बारीक दातांची लाकडी फणी आणली आणि केसांची लड मांडीवर घेऊन बसली. एक टोक नवऱ्याने धरलं. ती वरपासून खालपर्यंत विंचरू लागली.

"तू गेलीस तवा तुजी येनी हितवर व्हती," ती एकदम म्हणाली आणि फणी तिने स्वतःच्या खांद्याला टेकवली. "सुट्टी म्हनून धाडली. सुट्टी सरली, शाळा लागली, पोर काय आली नाय. दिवाळीला आली ती केस कापून."

"बारा बाप्यांच्या खोलीत येनी घालनार कोन?" दत्ताराम पुटपुटला.

"मी बोलले काय तुमाला कदी? बोलले नाय तेच चुकलं माजं."

बावन्न वर्षांची बाई, पण संजीवनीला आठ वर्षांच्या पोरीसारखं वाटलं. "म्हणून कधी ऐकायला आली नाहीस, आये? राग होता?"

"राग कसला गो. भ्या." फणी थांबली नाही. "माजी एकुलती लेक दिली मी ह्या लाकडापायी. ऐकायला यायचं, नि ते काय खास नसलंच तर? मंग मी काय करायचं? दिलेली लेक परत मागायची काय? त्यापरीस न ऐकलेलं बरं. लोकं चांगलं म्हनतात, मी बी चांगलं म्हनायचं, झालं."

दत्ताराम छपराच्या कौलांकडे बघू लागला. संजीवनीने आजवर नावं ठेवणारे जाणकार पाहिले होते, पहिल्या रांगेत जांभया देणारे पाहुणे पाहिले होते, रेडिओच्या परीक्षेत काचेपलीकडे बसलेले न दिसणारे परीक्षकही झेलले होते. पण असा हिशेब कुणी तिच्यापुढे मांडला नव्हता. आज संध्याकाळी तिच्या वाजवण्याची नव्हे, तिच्या घर सोडून जाण्याची परीक्षा होती.

"दोरा कुठला?" दत्तारामने विषय बदलला.

"वाकळ शिवायचा हाय."

"चालंल. मेन लाव. आता तीन येढे दे. दोऱ्याची एक शेव दातात धर. वढ. अजून." मग तो घाईने म्हणाला, "आगो, म्हशीला बांधतेस तशी नको! वासराला बांधतेस तशी. गळ्याला लागायला नको, पन सुटायला बी नको."

"आसं सांगा की मंग," आवडाबाई दातांत दोरा धरूनच बोलली, आणि तिने गाठ मारली. दत्तारामने ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, उलटीसुलटी केली.

"शंभर टक्के," तो म्हणाला. "दुकानात असतीस तर मालकानं मला काढला असता."

पाचर बसली, केस ताणले, राळ घासून झाली. संजीवनी तारेवर गज टेकवणार तोच आवडाबाई उठली. "थांब, थांब! मला जाऊ दे. आता नको. एकदमच ऐकंन." आणि ती लगबगीने परसदारी निघून गेली.

पाचला देऊळ भरलं. सत्यनारायणाचा प्रसाद वाटून झाला, शाल-नारळ झाला, भरतचं भाषण झालं. "सातासमुद्रापार," असं तो तीनदा म्हणाला. संजीवनीला काही ऐकू येत नव्हतं. ती बायकांच्या चटईवर आईला शोधत होती. पुढे नव्हती. मधेही नव्हती. गाय, बिबट्या, हंडा, सगळी कारणं एकामागून एक तिच्या डोळ्यांपुढून गेली. मग खांबाआडून शेजारची अंबूबाई सरकली आणि मागे आवडाबाई दिसली. ठेवणीतलं लुगडं नेसून, पाठ ताठ करून, दोन्ही मुठी आवळून बसलेली. ती लेकीच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर होती गजाच्या टोकावर, आपण मारलेल्या गाठीवर.

मृदंगावर वाडीच्या भजनाचे आबाजी होते. "आमाला भजनी ठेकाच येतो हां, बाय," त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. "तोच द्या," ती म्हणाली होती.

तिने मुलतानी सुरू केला. सुरुवातीला स्पीकरने शीळ घातली, कुणाचा तरी फोन वाजला, पोरं हसली. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "गिटार कुठाय?" पण सूर जागचा हलला नाही. रिठ्यांनी धुतलेला गज तारेला असा धरत होता की तिला स्वतःलाच नवल वाटलं. हळूहळू सूर देवळाच्या खांबांना लागले, बायका कुजबुजायच्या थांबल्या. आबाजींनी ठेका धरला आणि तिच्या अंगात बळ आलं. मधेच गजाचा एक केस तुटला आणि हवेत तरंगू लागला. आवडाबाई अर्धवट उठली. संजीवनी वाजवता वाजवताच तिच्याकडे बघून हसली. एखादा केस तुटतोच, आये. गाठ जागच्या जागी आहे. म्हातारी परत बसली.

मग लय वाढली. आबाजींचा घाम टपटप मृदंगावर पडू लागला, पण ते हटेनात. ही म्हणे पुढे, ते म्हणत आलोच. पोरं आता हसत नव्हती, माना डोलवत होती. एका तानेवरून उतरताना संजीवनीने खांबाकडे पाहिलं. आईची नजर गजावर नव्हती. कुठेच नव्हती. डोळे मिटलेले होते आणि इतका वेळ आवळलेल्या मुठी मांडीवर उघड्या पडल्या होत्या. बघून संजीवनीचे डोळे भरले आणि समोरची वाडी धूसर झाली. पण व्हायोलिनला डोळे लागत नाहीत, म्हणून बरं. ती वाजवत राहिली.

संपलं तेव्हा टाळ्यांना जरा वेळ लागला. मग मात्र अशा पडल्या की भरत माईकवर ओरडला, "वन्स मोर बोला, वन्स मोर!" फिल्मी गाण्याची त्याला आठवणही राहिली नव्हती. अंबूबाई पदराने नाक पुसत आली. "रडवलंस गो बाय," ती म्हणाली, "नि कायबी कळलं नाय." दत्ताराम भेटेल त्याला धरून गाठीचं सांगत होता.

माणसं जेवणाच्या पंगतीकडे वळली, देवळाचा मंडप रिकामा होऊ लागला. संजीवनी गज सैल करत होती. आवडाबाई हळूहळू आली आणि तिच्याशेजारी जाजमावर टेकली.

"किती येळ वाजवलंस?"

"पाऊण तास."

"खोटं. आत्ता तर बसले मी."

संजीवनीला विचारायचं धाडस होईना आणि न विचारता राहवेना. "आये, मग?"

आवडाबाईने लेकीच्या उजव्या हाताचा पंजा आपल्या हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला, जसा कधी काळी कुणा मास्तरांनी बघितला असेल.

"धाडली ते बरं केलं मी," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला, आणि तिने तो खाकरून सावरला. "आता फुडं कुठं वाजवायचंय?"

"पुण्याला. अठ्ठावीस तारखेला."

"म्हंजे घाटातनं?"

"हो. का गं?"

"घाटात मला गाडी लागते," आवडाबाई म्हणाली. "खिडकीची जागा बघून ठेव."